नारळपाण्यावरची साय

भाऊचा धक्का ते रेवस

कोकणात जाताना माणसं रिकाम्या पिशव्या नेतात आणि येताना आंबे, कोकम, सुकट भरून आणतात. मी जातानाच एक भरलेली बरणी घेऊन निघाले होते. तिला झाकण नव्हतं. तोंडावर मलमलचं दुहेरी फडकं रबराने बांधलेलं होतं, कारण आतल्या मंडळींना हवा लागते. आतली मंडळी म्हणजे जिवाणू. सोलापूरपासून मी ती बरणी तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेऊन आले होते आणि वाटेत कुणालाही हात लावू दिला नव्हता.

लाँच धक्क्यावरून सुटली. माझ्या शेजारी रिकाम्या टोपल्या घेऊन परत निघालेली एक कोळीण बसली होती. पहिल्या मोठ्या लाटेला बरणी हिंदकळली आणि आंबट वास सुटला.

"काय गो बाय, लोनचा हाय काय?"

"नाही हो, जिवाणू आहेत. व्हिनेगर करणारे."

"जिते हायेत?" तिने नाकाला पदर लावून बरणीत डोकावून पाहिलं. "मंग नीट धरून बस. बोटीत जित्या जीवाला गरगरतं."

मी खो खो हसले. कॉलेजात वर्षानुवर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, पण जिवाणूंना बोट लागेल अशी काळजी करणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटत होतं.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गोड आणि जरा आंबट अशा पाण्यावर हे जिवाणू सोडले, की ते पाण्याच्या पृष्ठभागावर, जिथे हवा मिळते तिथे, अगदी बारीक तंतू विणत बसतात. तंतूंची गादी होते आणि पाण्यावर पांढरी साय धरते. कापसात जे असतं तेच या सायीत असतं. ती जाड झाली की धुवायची, उकळायची, चौकोनी तुकडे करून साखरेच्या पाकात टाकायची. ताडगोळ्यासारखे लागणारे ते तुकडे परदेशातून डब्यांत भरून येतात आणि आपण हौसेने विकत घेतो. या जिवाणूंचं सगळ्यात लाडकं खाद्य कोणतं म्हणाल, तर जून नारळाचं पाणी. ते आपण गटारात ओततो!

माझी मैत्रीण सुजाता हे पाणी गटारात जाऊ द्यायला तयार नव्हती. पुण्यात बी.एस्सी.ला आम्ही एका खोलीत राहिलो. प्रॅक्टिकलला तिचा हात माझ्यापेक्षा किती तरी चांगला होता, हे आमच्या सरांनीही सगळ्यांसमोर म्हटलेलं. मी पुढे शिकले, सोलापूरला शिकवायला लागले. ती लग्न करून श्रीवर्धनजवळच्या गावात आली आणि घर, भात, गुरं यांत बुडून गेली. तिच्या शेजारच्या वाडीत एक गृहस्थ हॉटेलांना ओलं खोबरं किसून पुरवतात. फोडलेल्या नारळांचं पाणी वाहून जाताना ती रोज पाहायची. हिवाळ्यात तिने मला फोन केला, मी कुरिअरने जिवाणू पाठवले, आणि तिच्या पहिल्याच ताटात साय धरली.

त्या आनंदात तिने एक पराक्रम केला. यंदा वैशाख पौर्णिमेला विहारात खीर देण्याची पाळी तिच्या घरावर होती. विहाराच्या मीटिंगमध्ये ती उभी राहिली आणि म्हणाली, "या वर्षी खिरीत नारळपाण्याची साय असेल. मी स्वतः केलेली." तिचा चुलत दीर जयवंत मोठ्याने हसला आणि म्हणाला, "वहिनी, मग खिरीबरोबर नाक धरायला चिमटा पण द्या." सगळी मीटिंग हसली. आणि त्या दिवसापासून साय जी पातळ व्हायला लागली ती जाड होईचना.

"वासंती, येतेस का?" ती फोनवर म्हणाली. "सुट्टी आहे ना तुला?"

ते जिवाणू सोडले तर इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी त्याच दिवशी बॅग भरली.

दाखवण्याची चाल

रेवसला उतरून अलिबाग, मग किनाऱ्याकिनाऱ्याने मुरूड, आगरदांड्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून दिघी. त्या रस्त्याबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण उजव्या हाताला समुद्र दिसला की मी बरणी विसरायचे, आणि बरणी आठवली की समुद्र. एवढंच सांगते, की फेरीबोटीवर वारा असा काही लागला की मी एकटीच मोठ्याने गाणं म्हणायला लागले आणि एका मोटारसायकलवाल्याने मला साथ दिली.

सुजाताचा नवरा नोकरीसाठी मुंबईला असतो, घरात ती आणि सासरे दोघंच. ओटीवर सासरे बसले होते. आप्पा म्हणतात त्यांना. उभी नोकरी एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून केलेली. आवाज असा, की साधं "या, बसा" म्हटलं तरी आता कुठली तरी गाडी सुटणार असं वाटतं.

"या म्याडम, बसा. पानी पिऊन घ्या. आन् हे बगा."

'हे' म्हणजे ताटभर मांदेली मासळी. सकाळीच आलेली, सोन्यासारखी चकचकीत. मी पाहिली, "छान" म्हटलं, मग ती आत चुलीवर गेली. मग आप्पांनी फणस दाखवला, अगदी बोटाने टकटक करून. मग नवीन लावलेली सुपारीची रोपं. मग गाभण म्हैस. जेवायला बसेपर्यंत त्या घरात जे जे म्हणून नवं, ताजं किंवा चांगलं होतं, ते सगळं मी पाहून झाले होते.

हे मला फार गमतीचं वाटलं. आमच्याकडे सोलापुरात नेमकं उलट. लोणच्याची बरणी मुरत असेल तर तिच्यावर पाहुण्याची सावलीही पडू देत नाहीत. चांगली वस्तू माळ्यावर, झाकून, वर आणखी एक ताट ठेवून. कुणी विचारलं तर "कुठलं काय, आहे आपलं थोडंसं". इथे आलेल्या माणसाला आधी दाखवायचं, त्याच्या तोंडून "वा" ऐकायचं, आणि मग बाकीचं बोलायचं. न दाखवणं म्हणजे त्याला परका मानणं. शेजारच्या रुबिनाभाभी त्या संध्याकाळी फणसाच्या रसातली, वाफवलेली सांदणं घेऊन आल्या, तर त्यांनीही डबा माझ्या हातात द्यायच्या आधी झाकण उघडून माझ्या नाकासमोर धरला. "बघा तरी, किती फुललीत माशाल्ला!" फुललीच होती. मी किती खाल्ली ते सांगत नाही.

दाखवलं नाही ते फक्त एकाने, आणि तेही सुजाताने. जेवणं झाल्यावर मी म्हटलं, "चल, तुझी साय दाखव." ती माजघरात गेली, दिवा लावला, आणि बाकावर ओळीने मांडलेल्या स्टीलच्या परातींवरचं फडकं नुसतं कोपऱ्यातून उचललं, एखादी मुलगी नापास झाल्याचं प्रगतिपत्रक वडिलांना दाखवते तसं.

साय होती. पण कशी? पापडासारखी. बोट लावलं की फाटणारी.

"यातून काय तुकडे करणार?" ती म्हणाली. "मीटिंगमध्ये बोलून बसले. लोक हसले ते हसले, त्याचं काही नाही. पण वासंती, मी एवढी वर्षं ज्या ज्या गोष्टी केल्या ना, त्या सगळ्या कोणीही केल्या असत्या. ही एक गोष्ट मी केली म्हणून झाली असं एकदा तरी व्हायला हवं गं."

मी तिच्या पाठीवर जोरात थाप मारली. मला सांत्वन करता येत नाही, मी थाप मारते. "पौर्णिमेपर्यंत बोटभर जाड साय तुझ्या हातात देते," म्हणाले. स्वभावाला औषध नाही. मीही बोलून बसले.

पाजणारे कोण

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी अशा कामाला लागलो, की हॉस्टेलचे दिवस परत आले. काय सांगू तुम्हाला, चार वेळा परीक्षेचे पेपर तपासण्यापेक्षा एक परात मांडण्यात किती जास्त जीव लागतो!

पहिली गोष्ट म्हणजे उकाडा. सोलापूरचा उन्हाळा भाजतो, कोकणातला उकडतो. या जिवाणूंना ऊब हवी पण इतकी काहिली नको. आम्ही पराती बाकावरून काढून माजघराच्या जमिनीवर ओल्या गोणपाटावर ठेवल्या. दुसरं, परात उथळ आणि पसरट हवी. साय वरच्या वर धरते, खोल पाण्याचा तिला उपयोग नाही. तिसरं, आंबटपणा. सुजाता डोळ्यांनी अंदाज घेऊन व्हिनेगर ओतत होती, मी रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्ट्या काढल्या. साखर थोडी वाढवली. जिवाणूंना नत्र लागतं, त्याची पूड मी आणलीच होती, तीही मोजून टाकली.

आणि मग मी माझं हुकमाचं पान काढलं. शुद्ध स्पिरिटची छोटी बाटली. असल्या पाण्यात अगदी थोडं मद्यार्क घातलं तर हे जिवाणू ते खाऊन साय जास्त धरतात. आमच्या प्रयोगशाळेत कितीदा तरी पाहिलेलं आहे.

आप्पा दारात उभे होते. "त्यात काय हाय, म्याडम?"

मी सांगितलं. लपवायचं कशाला? सुजाताचा चेहरा मात्र पडला.

"ह्या घरात थेंब न्हाय," आप्पा शांतपणे म्हणाले. "माझ्या बापानं दीक्षा घेतली तवापासून न्हाय. आन् ही तर पौर्णिमेची खीर."

मी माझी सगळी विद्या पणाला लावली. म्हटलं, आप्पा, ते जिवाणू सगळं खाऊन टाकतात, त्याचं व्हिनेगर होतं. नंतर आपण साय धुतो, उकळतो, पुन्हा धुतो. खाणाऱ्याच्या तोंडात त्याचा मागमूसही राहत नाही.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "तुमी म्हणता ते खरं आसंल. ते जिवाणू पितात तर पिऊंदेत, त्यांचं ते बगतील. पण पाजनारे आपण कशाला व्हायचं?"

मी बाटली बॅगेत ठेवून दिली.

"मग चहा चालेल?" मी विचारलं. चहातल्या एका घटकानेही हे जिवाणू जास्त विणायला लागतात.

"च्याला कोनाची ना हाय?" आप्पा म्हणाले आणि स्वतःच चुलीवर आधण ठेवायला गेले. कोरा चहा गार करून आम्ही परातींत घातला. उरलेला आम्ही प्यायलो, त्यात मात्र दूध होतं.

परात मांडताना माजघरात जागा पुरेना. एक छोटी थाळी उरली, ती मी माझ्या खोलीत कॉटखाली सरकवून दिली आणि विसरून गेले.

त्यानंतरचे दिवस थांबण्याचे. थांबणं मला जमत नाही, म्हणून मी फिरले. श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर पायांचे तुकडे पडेपर्यंत चालले. ताडगोळे सोलणाऱ्या बाईसमोर बसून, साय जमली तर अशी लागेल, अशी लागेल म्हणत इतके खाल्ले की तिने शेवटचे दोन फुकट दिले. तांदळाच्या भाकरीबरोबर सुकटीची चटणी खाल्ली आणि आमच्या कडक भाकरीची आठवण येऊन जरा अपराधी वाटलं. सुपारीच्या वाडीत भर दुपारी एवढी सावली असते, हे मला कुणी आधी का सांगितलं नव्हतं?

परतल्यावर सुजाता म्हणायची, "आप्पांना हे पटत नाही. येताजाता परातींकडे बघतात, पण एक अक्षर बोलत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या शिक्षणाचा विषय त्यांनी कधी काढलेला नाही. आणि तू दारूचं नाव घेतलंस, मग तर संपलंच."

आणि एका सकाळी आम्ही फडकी काढली. पुन्हा पापड! मी पराती एकामागून एक पाहिल्या. साय होती, पण एक जाड नव्हे. एकाखाली एक, पातळ पातळ, कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या. सुजाता उठून म्हशीला पाणी दाखवायला गेली.

मी चरफडत खोलीत आले, चपला शोधायला वाकले आणि कॉटखालची थाळी दिसली. फडकं काढलं आणि किंचाळले. एकसंध, शुभ्र, माझ्या करंगळीएवढी जाड साय! तेच पाणी, तीच साखर, तोच चहा.

"सुजाता! मिश्रणात काही चूक नाही. परात कोणी तरी हलवतंय!"

कारण असं, की ताट कलंडलं की वरची साय बुडते. बुडालेल्या सायीला हवा नाही, तिची वाढ थांबते. मग वर पुन्हा नवी साय धरायला लागते. पुन्हा हलवलं की तीही बुडते. म्हणून एवढे पापुद्रे.

"मांजर असेल," मी म्हटलं.

"मांजर फडकं परत नीट घालून ठेवत नाही," सुजाता म्हणाली. तिचा आवाज अगदी बसला होता. "घरात तिसरं कोण आहे, तूच सांग. त्यांना नको आहे ही खीर. सरळ सांगायचं ना मग मला."

ढकलत आणलेली स्कूटर

पुन्हा नव्याने मांडायचं तर साखर आणि व्हिनेगर लागणार होतं. पौर्णिमेपर्यंत साय धरायला लागेल जेमतेम तेवढाच वेळ उरला होता. आम्ही सुजाताच्या स्कूटरवर बाजाराला निघालो. गावाची वेस ओलांडायच्या आत मागचं चाक बसलं. रस्त्याच्या कडेचा खिळा, दुसरं काय. उन्हात ती स्कूटर ढकलत आम्ही दोघी परत आलो, घामाने चिंब, एकमेकींशी न बोलता.

म्हणून आमचा आवाज आला नाही. आणि म्हणून आम्हाला आवाज आला.

"बगा, वाकून बगा! लांबून कळायचं न्हाय."

कुडाच्या कुंपणाच्या या बाजूला आम्ही जागच्या जागी थांबलो. ओटीवर पोस्टमन होता, आणि समुद्राचा रस्ता विचारायला थांबलेलं, पुण्याच्या नंबरच्या गाडीतलं एक जोडपं. मधे आप्पा. त्यांच्या दोन्ही हातांत आमची परात, फडकं खांद्यावर.

"नारळाचं पानी आपण टाकून देतो का न्हाय? त्येच्यावर ही साय धरलीय. आमच्या सूनबाईनं केलीय. हितं रायगड जिल्ह्यात दुसऱ्या कोनाला जमत न्हाय. बी.एस्सी. हाय ती, फस्ट क्लास. प्रपंचात पडली, न्हायतर सायंटिस झाली आसती. बगा, जिती हाय, हालते कशी!"

आणि ती कशी हालते हे दाखवायला त्यांनी परात कलती केली. साय अलगद एका बाजूने बुडाली. पोस्टमन म्हणाला, "वा!"

मी पुढे धावणार तोच सुजाताने माझं मनगट पकडलं.

"अगं, बुडाली ना!"

"बुडू दे," ती म्हणाली. "त्यांना बोलू दे."

तिचे डोळे भरले होते, आणि ती हसत होती. मला वाटतं, तिला पदवी मिळाली त्या दिवशीही मी तिला असं पाहिलं नव्हतं. पाहुणे जाईपर्यंत आम्ही उन्हात स्कूटर धरून उभ्या राहिलो.

दुपारी मीच आप्पांना सांगितलं. सुजाता नको नको म्हणत होती, पण सांगितलं नसतं तर नव्या परातींचंही तेच झालं असतं. मी घमेल्यात ती साय घेतली आणि थर वेगळे करून दाखवले. प्रत्येक वेळी परात हलली की एक थर.

आप्पा घमेल्यावर वाकले. मग सर्वांत वरचा पापुद्रा बोटाने बाजूला केला.

"ही आजची. पुण्याच्या गाडीवाल्यांची." दुसरा उचलला. "ही रुबिना आली हुती सांदणाचा डबा न्यायला, तिची." तिसरा. "ही आमच्या डेपोतल्या ड्रायव्हरची. आन् ही जयवंताची. त्याला तर मुद्दाम बोलावून दाखवली. लई हसत हुता मीटिंगीत."

मग त्यांचा हात थांबला. "म्हंजे मीच घालवलं सगळं."

"आप्पा," सुजाता म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला हे आवडतच नाही. तुम्ही मला एकदाही काही म्हणाला नाहीत."

आप्पांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं तिने काही तरी भलतंच विचारलं. "घरच्या मान्साला तोंडावर काय सांगायचं? ते काय बरं दिसतं? भायेरच्याला सांगायचं आस्तं."

अगदी खरं! ही चाल मात्र सोलापूरची आणि कोकणची एकच. माझ्या वडिलांनी माझं कौतुक केलेलं मला नेहमी शेजाऱ्यांकडूनच कळलं.

पौर्णिमा

त्याच संध्याकाळी पंक्चर काढून साखर आणली, उकळलेलं नारळपाणी गार केलं, चहा, व्हिनेगर, पूड सगळं घातलं, माझ्या बरणीतल्या ताज्या जिवाणूंचं विरजण लावलं आणि पराती मांडल्या. आप्पांनी आपली खुर्ची ओटीवरून उचलून माजघराच्या दाराशी आणली.

मग जे सुरू झालं ते पाहायला तुम्ही हवे होता. कुणी आलं आणि "आप्पा, ती साय" म्हणालं, की आप्पा त्या स्टँडच्या आवाजात सांगायचे, "गाडी फलाटाला लागल्याबिगर कोनीबी चढायचं न्हाय!" रुबिनाभाभींनाही माफी नव्हती. न दाखवण्याचं त्यांना इतकं जड जात होतं, की त्यांनी पाहुण्यांना म्हैस दोनदोनदा दाखवली.

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी आम्ही फडकी काढली. एका परातीत काळी बुरशी आली होती, ती मी कुणाला दिसायच्या आत उकिरड्यावर ओतली. बाकीच्या सगळ्यांत साय होती. बोटभर जाड! सुजाताने ती दोन्ही हातांनी उचलली, तशी ती दुमडलीसुद्धा नाही, नुसती थरथरली. आम्ही दोघी अक्षरशः नाचलो. आप्पा नाचले नाहीत, पण त्यांनी खुर्ची परत ओटीवर नेली आणि वाटेत काही तरी गुणगुणत होते.

दिवसभर धुणं आणि उकळणं. आंबट वास जाईपर्यंत पाणी बदललं. एक परात वाया गेल्याने तुकडे कमी पडणार होते. तेव्हा सुजाताने आंबट पाण्यात राखून ठेवलेले जुने पापुद्रे काढले, तेही धुतले, उकळले आणि शेवयांसारखे बारीक कापले.

"ते कशाला?" मी विचारलं.

"ते आप्पांचे," ती म्हणाली.

विहारात सकाळी पांढऱ्या कपड्यांतली माणसं, पंचशील ध्वज, मोगऱ्याची आणि समुद्राची मिसळलेली हवा. वंदना झाली. पातेलं उघडण्याआधी आप्पांनी माझ्या कानाशी विचारलं, "थेंब न्हाय ना?"

"नाही आप्पा. फक्त चहा."

सुजाताने स्वतः वाढलं. माणसं खिरीतला तुकडा दाताखाली आला की थांबायची, एकमेकांकडे बघायची आणि मग पुढचा शोधायची. जयवंतने पहिली वाटी संपवली, दुसरी मागितली आणि तिसरी न विचारता घेतली. "चिमटा देऊ का, भावोजी?" सुजाताने विचारलं. तो एवढा लाजला की मला त्याची दया आली. म्हाताऱ्या बायकांना चौकोनी तुकड्यांपेक्षा त्या बारीक पापुद्र्यांच्या शेवया जास्त आवडल्या. आप्पा प्रत्येकाच्या वाटीत डोकावून पाहत होते, आणि तोंडाने एक शब्द बोलत नव्हते. घरची माणसं जवळ होती ना!

परतीची सकाळ

निघायच्या दिवशी माझी बॅग ओटीवर होती. सुजाताने पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी नव्या पराती मांडल्या होत्या आणि त्यांवर साय धरू लागली होती. आता नेहमीच करणार, असं ती म्हणत होती. मी तिला शेवटच्या सूचना देत होते. उकाडा, उथळ परात, आंबटपणा, चहा, आणि काहीही झालं तरी हलवायचं नाही, हलवायचं नाही, हलवायचं नाही.

तेवढ्यात जयवंत आला. त्याच्याबरोबर मुंबईहून आलेली त्याची बायको आणि तिची आई.

"वहिनी, यांनी खीर खाल्ली नाही ना. निदान ती साय कशी धरते ते तरी दाखवा की यांना."

"न्हाय!" आप्पा खुर्चीतून म्हणाले. "फलाटाला लागली न्हाय आजून. म्याडमनी सांगितलंय."

जयवंतची सासू ओशाळून म्हणाली, "राहू दे, राहू दे. परत कधी तरी बघू."

सुजाताने आप्पांकडे पाहिलं. मग ती आत गेली. मला वाटलं चहा ठेवायला गेली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत परात होती. ओटीच्या मधोमध उभी राहून तिने फडकं काढलं आणि खांद्यावर टाकलं.

"बघा, वाकून बघा," ती म्हणाली. "मी केली आहे."

आणि तिने परात कलती केली.

"अगं, बुडेल!" मी ओरडले.

"धरेल की परत," सुजाता म्हणाली.